टोकावरची

बोटीवर राहणारी जोडपी एकमेकांना एक सल्ला हमखास देतात: संसार टिकवायचा असेल तर नांगर टाकताना तोंड उघडू नये. वारा अर्धे शब्द उडवून नेतो, उरलेल्या अर्ध्यांवरून भांडण होतं, आणि ते भांडण आजूबाजूच्या बोटीवरची मंडळी चहा पीत चवीने ऐकतात. म्हणून चष्मेवाली आणि कप्तान यांनी पहिल्याच वर्षी हाताच्या खुणा ठरवून टाकल्या होत्या.

चष्मेवाली हे काही तिचं नाव नव्हे. चष्म्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत तिने आयुष्यभर लोकांचे डोळे तपासले. भिंगं बदलत "आता बरं दिसतंय की आधी?" असं ती झोपेतही विचारते, असं कप्तानाचं म्हणणं होतं. आणि कप्तान तरी कुठला दर्यावर्दी? तो लिफ्टची देखभाल करणारा इंजिनियर. निवृत्त झाला त्या दिवशी त्याने जाहीर केलं, की जन्मभर लोकांना वर-खाली केलं, आता मला आडवं जाऊ द्या. त्याने राहतं घर विकून शिडाची बोट घेतली तेव्हा नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. चष्मेवालीनेही लावला होता, पण मग तिला पाण्याची गोडी लागली आणि ती कप्तानाहून जास्त बोटवेडी झाली.

ते फिरत त्या भागात प्रत्येक बेटाभोवती पाण्याखाली प्रवाळाची भिंत असते. भिंतीला एखादी फट असते आणि तिच्यातून आत शिरलं की पाणी एकदम शांत. पण शिरताना नकाशावर विसंबून भागत नाही, पाण्याचा रंग वाचावा लागतो. गडद निळं म्हणजे खोल, हिरवं म्हणजे जपून, पांढुरकं म्हणजे वाळू आणि तपकिरी म्हणजे दगड, म्हणजे बोटीचं पोट फाटलंच. ऊन डोक्यावर असेल तरच हे रंग कळतात. त्यामुळे हे काम नेहमी भर दुपारी. शीड उतरवून, इंजिन हळू ठेवून कप्तान मागे सुकाणूच्या चाकाशी उभा राहायचा. चष्मेवाली पुढच्या टोकावर एका हाताने डोलकाठीची ताणलेली तार धरून उभी. ज्या बाजूचा हात लांब करेल तिकडे वळायचं, मूठ वर केली की सरळ, पंजा दाखवला की थांब. नियम दोनच. टोकावरच्याने मागे वळून बघायचं नाही, कारण नजर पाण्यावरून हटली की कारभार आटोपला. आणि चाकावरच्याने 'का' असं विचारायचं नाही. लग्नाच्या इतक्या वर्षांत घरात जे जमलं नाही, ते त्यांना बोटीवर जमलं होतं.

यंदा लेक आली होती ती मात्र निव्वळ मजा करायला नव्हे. ती विमा कंपनीत दावे तपासते. समोरचा खरं बोलतोय की नाही, हे ओळखण्यावर तिची रोजीरोटी चालते. फोनवर बाबांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, मागच्या हंगामात बोट वाळूवर चढवली, एकदा गॅस चालू ठेवून किनाऱ्यावर गेले, हे सगळं तिने मनात नोंदवून ठेवलं होतं. धक्क्यावर बॅग ठेवता ठेवताच तिने आईला बाजूला घेतलं.

"हा पंधरवडा मी बघणार आहे. बाबा ठीक असले तर खुशाल राहा. नसले तर बोट विकायची आणि दोघांनी माझ्याकडे यायचं. रडारड नको."

"अगं, वयानुसार होतं थोडंफार विसरायला."

"वयानुसार दगडावरही आपटतात, आई."

चष्मेवालीला स्वतःलाच धाकधूक होती. लेकीच्या फ्लॅटमधली पाहुण्यांची खोली तिच्या डोळ्यांसमोर आली. तिथे कप्तान खिडकीशी खुर्ची टाकून बसलाय, आणि खाली लिफ्ट बिघडली की तेवढ्यापुरता त्याच्या चेहऱ्यावर जीव येतोय. तसं जगणं म्हणजे त्याला हळूहळू मारणंच, असं तिला मनापासून वाटत होतं.

बोटीवर चौथा माणूस म्हणजे कप्तानाचा शाळेपासूनचा मित्र. त्याची बेकरी होती. ती मुलाच्या हवाली करून तो दरवर्षी महिनाभर यायचा, आणि बोटीच्या इवल्याशा ओव्हनमध्ये असे पाव भाजायचा की शेजारच्या बोटीवरून लोक वाडगी घेऊन यायचे. चष्मेवालीला तो वहिनी म्हणायचा आणि कप्तानाला जे म्हणायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिल्या बेटाशी पोचले तेव्हा ऊन अगदी डोक्यावर होतं. लेकीला बोट लागली होती, ती खालच्या खोलीत डोळे मिटून पडली होती. चष्मेवाली टोपी घालून टोकाकडे निघाली आणि तेवढ्यात खालून बेकरीवाला किंचाळला. हेलकाव्याने ओव्हनमधला ट्रे सटकून त्याच्या मनगटावर आला होता. चष्मेवालीने कप्तानाला पंजा दाखवला, थांब. त्याने मान हलवली. बाहेरच्या खोल पाण्यात बोट रेंगाळत ठेवायची, हे अशा वेळी ठरलेलंच होतं. ती निर्धास्त खाली उतरली.

मनगट पाण्याखाली धरलं, मलम लावलं, पट्टी बांधली. बेकरीवाला दुखण्यापेक्षा पाव जमिनीवर पडल्याचं दुःख करत होता. पट्टीची गाठ मारताना तिच्या लक्षात आलं की ओट्यावरचा चहाचा कप हलत नाहीये. बोट डोलायची थांबली होती.

ती वर आली. चहूबाजूंना फिकट हिरवं, काचेसारखं पाणी होतं. लाटा फुटत होत्या ती पांढरी रेघ आता बोटीच्या मागे होती. कप्तान मानेवरचा घाम पुसत प्रसन्न हसला.

"वा! आज काय खुणा केल्यास! इतक्या स्पष्ट कधी केल्या नव्हत्यास. नागमोडी फट होती, पण एकदाही शंका आली नाही बघ."

तिचा हात अजून मलमाने ओशट होता. ती काही बोलणार तेवढ्यात लेक डोळे चोळत वर आली. आजूबाजूला बघून तिचा चेहरा खुलला.

"पोचलो पण? मला धक्काही जाणवला नाही. आई, टोकावर तूच होतीस ना?"

"हो," चष्मेवाली म्हणाली. "दुसरं कोण असणार?"

जिन्याच्या तोंडाशी बेकरीवाला पट्टी बांधलेला हात छातीशी धरून उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मग खाली पाव गोळा करायला गेला.

संध्याकाळच्या आत किनाऱ्यावर फेरफटका मारताना त्याने तिला गाठलंच.

"वहिनी, तुम्ही तर माझ्यापाशी होतात."

"माहीत आहे मला."

"मग याला आत कोणी आणलं?"

"नशिबाने. हे बघा भाऊजी, तिच्यासमोर अवाक्षर काढू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकाल हो," तो वाळूकडे बघत म्हणाला. "पण मुठीत काय आहे ते तरी बघितलंत का?"

तिने बघायचं ठरवलं. रडत बसण्याचा तिचा स्वभाव नव्हता, तपासण्याचा होता. कप्तानाचे डोळे तिने स्वतः पारखलेले होते, त्यांत खोट नव्हती. मग राहता राहिलं डोकं. पुढचे काही दिवस तिने गप्पांच्या ओघात त्याला हजार गोष्टी विचारल्या. जुन्या शेजाऱ्यांची आडनावं, इंजिनाचं तेल कधी बदललं, तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात कोण रुसलं होतं. त्याला सगळं आठवत होतं. रुसलेल्या माणसाची नक्कलसुद्धा त्याने करून दाखवली. गॅस तो स्वतःहून बंद करत होता. चालू राहिला होता त्या दिवसाबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, "तू बंद करते म्हणालीस ना." आपण तसं म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

आणि एकदा शिडाचा फाटका कोपरा शिवता शिवता, सुई तोंडात धरून तो सहज बोलून गेला, "एक सांगू? तू हल्ली फार पुढे उभी राहतेस. कठड्याच्या बाहेर. पडशील एखाद दिवशी."

"कठड्याच्या बाहेर पाय ठेवायला जागा आहे का तिथे?"

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला आणि पुढचा टाका घातला.

दुसऱ्या बेटाला ती वेळेआधीच टोकावर जाऊन उभी राहिली. ऊन रणरणत होतं. बोटीच्या फळ्या इतक्या तापल्या होत्या की ती बुटांशिवाय पाऊल टाकू शकत नव्हती. तार धरायला ती वाकली तेव्हा तिचा तळहात कठड्यापाशी फळीवर टेकला, आणि तिथे फळी गार लागली. माणूस बराच वेळ सावली धरून उभा राहिला तर जेवढी होईल तेवढीच जागा, आणि तेवढीच गार. पण विचार करायला वेळ नव्हता. फट समोर आली होती.

तिने पाणी वाचलं. उजवीकडे तपकिरी, डावीकडे हिरवं. तिने डावा हात लांब केला.

बोट उजवीकडे वळली.

तिने हात आणखी ताणला, मग पंजा दाखवला. बोट संथपणे उजवीकडेच चालली. शेवटी तिने कधी न मोडलेला नियम मोडला आणि मागे वळून पाहिलं. चाकाशी कप्तान होता, शेजारी लेक. दोघं अगदी लक्ष देऊन बघत होते. पण तिच्याकडे नाही. तिच्या डोक्यावरून, थोडं पलीकडे, जिथे फक्त पाणी होतं.

ती पुन्हा पुढे वळली. ज्याला ती दगड समजली होती ती ढगाची सावली होती, आणि सावली आता सरकली होती. डावीकडच्या हिरव्याखाली मात्र दगडाचं टोक पाण्याच्या पातळीच्या वीतभर खाली आ वासून उभं होतं. तिचं ऐकलं असतं तर बोट त्यावर गेली असती.

नांगर पडल्यावर लेकीने येऊन तिच्या गळ्यात हात टाकले.

"आई, काय खंबीर उभी होतीस गं! उजवा हात कसा बाणासारखा. मला उगाच काळजी वाटत होती तुमची."

चष्मेवालीची कंबर गेली तीन वर्षं दुखत होती. ती टोकावर नेहमी वाकूनच उभी राहायची.

"उजवा?" तिने विचारलं.

"म्हणजे काय? मी तुझ्यावरून नजर हलवली नाही."

इथे तिला खरं सांगता आलं असतं. लेक खोटं पकडण्यात पटाईत होती, तिला एवढंसं पुरलं असतं. पण खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मी हात दाखवला तो तुम्हाला दिसलाच नाही, असं? मग बाबांच्या डोक्याबरोबर आईच्या डोक्याचीही चौकशी सुरू झाली असती. हात दाखवून अवलक्षण कशाला? ती हसली.

"सवय आहे गं," ती म्हणाली.

दुसऱ्याच्या कामाची शाबासकी आपण घेतली, आणि ज्याचं काम होतं त्याने ती घेऊ दिली, असं तिला वाटलं.

लेकीला परतीची फेरी बोट जिथून मिळायची त्या शेवटच्या बेटाला फट अरुंद होती. त्या दिवशी बेकरीवालाही मागे जाऊन बसला. चष्मेवाली टोकावर गेली, तिने तारेत कोपर अडकवलं आणि दोन्ही हात पोटाशी घट्ट बांधून घेतले. कोणतीही खूण करायची नाही, असं तिने ठरवलं होतं. खुणा नसतील तर कप्तानाला थांबावंच लागेल. मग लेकीला काय वाटायचं ते वाटो. निदान काय ते कळेल.

बोट थांबली नाही.

ती डावीकडे वळली. मग सरळ गेली. मग उजवीकडे, पुन्हा थोडी डावीकडे, सुईत दोरा ओवावा तशी. दोन्ही बाजूंचे दगड इतके जवळून गेले की त्यांच्यावरचे मासे दिसले.

तिने मागे पाहिलं. तिघं एकाच जागी बघत होते.

आता ती जागा तिच्या पलीकडे नव्हती. तिच्या अलीकडे होती. डोलकाठीच्या बुंध्याशी, टोकाच्या आणि चाकाच्या मधोमध.

तिथे ऊन पडलं होतं, दुसरं काही नव्हतं.

जेवताना लेकीने निकाल दिला. "राहा तुम्ही. बाबांपेक्षा मीच जास्त विसरते. आणि तुम्ही दोघं मिळून जे करता ना, ते बघून मला रडू आलं आज." कप्तानाने टेबलावर थाप मारली आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. चष्मेवालीला खरोखर आनंद झाला. खोटं कशाला बोलायचं, मनात शंका असतानाही झाला. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते पदरात पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर लेक पुढे गेली आणि तिच्याबरोबरच परत निघालेला बेकरीवाला मागे रेंगाळला.

"वहिनी, तुम्ही पण चला. चार दिवस. त्यालाही घ्या."

"आता का? सगळं नीट झालं ना?"

त्याने पट्टी बांधलेलं मनगट दुसऱ्या हाताने चोळलं. "काल आत येताना तुम्ही मागे वळून पाहिलंत?"

"पाहिलं."

"हां. आणि हसलात?"

"नाही."

तो तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला, ओळख पटवून घ्यावी तसा. मग त्याने बॅग उचलली.

"मग माझीच बघण्यात चूक झाली असेल," तो म्हणाला आणि मागे न बघता चालू लागला.

फेरी बोट दिसेनाशी झाल्यावर ती परत आली. कप्तान खाली टेबलापाशी बाकावर बसून शिट्टी वाजवत दोरांच्या गाठी सोडवत होता. खिडकीतून भरपूर उजेड येत होता. ती समोरच्या बाकावर बसली. लेकीला तिने फसवलं होतं, ते एक वेळ चालेल. पण हा माणूस खरोखर आजारी असेल आणि आपण बोटीच्या लोभापायी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं असेल, तर ते पाप. आज नक्की करायचं. आजारी असेल तर लेकीला फोन करायचा, बोट विकायची आणि गुपचूप पाहुण्यांच्या खोलीत जायचं.

"इकडे बघ जरा. डोळे तपासते."

"आता बरं दिसतंय," तो तिची नक्कल करत म्हणाला, पण त्याने मान वर केली.

जवळची नजर तपासायची तिची पद्धत साधी होती. पेनाचं टोक समोर धरायचं आणि हळूहळू नाकाकडे न्यायचं. वस्तू जवळ येते तसे दोन्ही डोळे आत वळतात आणि बाहुल्या बारीक होतात. हे माणसाच्या हातात नसतं. माणूस खोटं बोलतो, आठवण दगा देते, पण नुसत्या कल्पनेने कुणाची बाहुली अशी लहान होताना तिने पाहिली नव्हती. हजारो डोळ्यांत तिला एकही अपवाद भेटला नव्हता.

तिने पेन धरलं. कप्तानाचे डोळे पेनावर आले, व्यवस्थित आत वळले. उत्तम. तिने पेन खाली मांडीवर ठेवलं.

त्याचे डोळे तिच्याकडे वळले नाहीत. ते जिन्याकडे गेले.

वरून कोणी उतरताना बघावं तसे ते पायरीपायरीने खाली आले.

मग ते आत वळू लागले. सावकाश. दोन्ही एकदम.

बाहुल्या लहान झाल्या. आणखी लहान झाल्या. पेन तिच्या मांडीवर होतं.

डोळे आणखी आत आले आणि वीतभर अंतरावर स्थिरावले. तिथे काय आहे ते तो निवांत बघत होता, सकाळी उठल्यावर तो तिच्याकडे बघायचा तसा.

त्याचं डोकं ठिकाणावर होतं. त्याला काहीही झालेलं नव्हतं. इतके दिवस तिने एवढंच तर मागितलं होतं.

बाहुल्या पुन्हा मोठ्या होऊ लागल्या. नजर त्याच्यापासून दूर निघाली, टेबलाच्या कडेने वळली, आणि तिच्या बाकापाशी, तिच्या खांद्याला लागून येऊन थांबली.

"सरक जरा," तो मायेने म्हणाला.

आणि ती भिंतीकडे सरकली.